नाझराची गाडी आणि माझी सरकी

गाडीच्या बॉनेटला सायकलचं कुलूप लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. समोरच्या जाळीतून साखळी ओवायची, बंपरला वेढा द्यायचा, वर कुलूप. कुलूप लावलं की ओढून पाहायचं. चार पावलं जायचं, परत यायचं, परत ओढायचं. अन् मग माझ्याकडं असं पाहायचं, जसं काय मी ते मनातल्या मनात उघडूनच राहिलो.

तो कोर्टातला नाझर होता, रिटायर झालेला. ज्याला माहीत नसेल त्याला सांगतो. कोर्टाचा हुकूम झाला की बेलिफ घेऊन जो दारात येतो, जप्ती करतो, घराचा नाहीतर वावराचा ताबा काढून दुसऱ्याला देतो, तो नाझर. तोंडावर मी त्याला नाझरसाहेब म्हणायचो, अहो-जाहो करायचो. इथं मात्र 'तो' असंच लिहीन. तोही मला तोंडावर मुकादम म्हणायचा, पाठीमागं काय म्हणायचा ते मला पक्कं माहीत आहे.

मुकादम मी खराच होतो, बाभुळगावकडच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. ते जिन बंद पडलं, ती सालं म्हणजे कापसानं सगळ्यांनाच मान खाली घालायला लावलेली सालं. माझ्या घराला लागून कापसाची खोली आहे. उंच, बिनखिडकीची, बैलांची बंडी सरळ आत जाईल एवढं दार. कधीकाळी ती छपरापर्यंत पांढरी भरायची. त्या सालांत तिच्या एका कोपऱ्यात माझ्या म्हशींची सरकी तेवढी पडून होती. सरकी म्हणजे रुई काढून घेतली की मागं राहतं ते बी. म्हशीला घातलं की दूध घट्ट येतं.

ही खोली त्यानं भाड्यानं मागितली.

"कायले पायजे?" मी विचारलं.

"वस्तू ठेवायला."

"कोणती वस्तू?"

"मुकादम, तुम्ही खोली देता की जबाब घेता?"

माझी बाई आतून सारं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "अवो, नका देऊ. त्या माणसाले दारात पाह्यलं का मले भांडेच मोजावं वाटते."

मी दिली. बाईनं नको म्हटलं म्हणून दिली, असंही लोक म्हणतात. म्हणू द्या. पण एक अट टाकली. माझी सरकी हलणार नाही, रोज सकाळी मी टोपलं भरून नेणार. त्याचीही एक अट होती. कुलूप त्याचं, चावी त्याची.

मग वस्तू आली. बैलांनी ओढत आणलेली एक जुनी मोटार. गोल दिव्यांची, पुढून फुगलेली, मागून बसलेली. रंग एकेकाळी काळा असावा. सारा मोहल्ला गोळा झाला. नाझर स्टेअरिंगवर ताठ बसलेला, बैलांना ब्रेक मारून दाखवत होता.

ती गाडी कुठून आणली ते त्यानं कधी सांगितलं नाही. त्यानंच कधीतरी कोणाच्या दारातून जप्त केलेली असेल, असा माझा अंदाज. एकदा तसं बोललोही. त्यानं चष्म्यावरून पाहिलं अन् त्याचं नेहमीचं वाक्य फेकलं, "मालकी राहू द्या मुकादम. ताबा कोणाचा ते सांगा."

हे वाक्य तो कुठंही वापरायचा. हॉटेलात त्याच्या खुर्चीवर कोणी बसलं, एसटीत कोणी खिडकी पकडली, की ताबा कोणाचा ते सांगा. त्याच्या मते जगातली सारी भांडणं मालकीवरून होतात अन् सुटतात मात्र ताब्यावरून.

तर रोज सकाळचा आमचा कार्यक्रम असा. मी टोपलं घेऊन दारात उभा. तो चावी घेऊन यायचा. कुलूप उघडण्याआधी त्याला पाठ दाखवावी लागे, कारण कुलपात चावी कशी फिरते तेही मी पाहू नये. दार उघडलं की म्हणायचा, "मुकादम, नजर खाली." माझ्याच खोलीत, माझीच सरकी काढायला, मी नजर खाली घालून जायचं! मी मुद्दाम सावकाश भरायचो. एक एक मूठ. तो जुन्या पोत्यांनी झाकलेल्या गाडीसमोर हात पसरून उभा राहायचा, दळायला टाकलेल्या गव्हाजवळ बाई उभी राहते तसा. तो माझ्या हाताकडं पाहून राहायचा अन् मी पोत्यांखालच्या चाकांकडं.

त्या सालांत शक घेणं काही वेगळं काम नव्हतं. गावात अनोळखी गाडी आली की लोक उठून उभे राहायचे. पुढारी आहे का, पेपरवाला आहे का, बियाण्याचा एजंट आहे का? परराज्यातलं बिनपरवान्याचं चोर-बियाणं पोत्यांतून फिरत होतं, रात्रीतून नाही, भरदिवसा. नदीपलीकडं वर्धा जिल्हा, तिथं दारूबंदी, म्हणून इकडची बाटली तिकडं जायची. कशात भरून जाते, हे शोधण्यात पोलीस हैराण. दुधाच्या कॅनी झाल्या, भाजीच्या टोपल्या झाल्या. अशा दिवसांत एक रिटायर माणूस बिनखिडकीच्या खोलीत, दार लावून, गाडीचं मागचं सीट काढून टाकतो. आता तुम्हीच सांगा.

मागचं सीट काढलं हे मला गफूर मिस्त्रीकडून समजलं. गफूर वेल्डिंगवाला. नाझर त्याला आत घ्यायचा अन् जाताना त्याचे खिसे उलटे करायला लावायचा. एकदा दारातच दोघांची जुंपली.

"नाझरसाब, ये पाना मेरा है. मेरा!"

"तुमचा कशावरून?"

"अरे, मेरे अब्बा का पाना है, उसपे उनका ठप्पा है!"

"ठप्पा मालकीचा झाला. माझ्या खोलीत होता, म्हणजे ताबा..."

"मुकादमभाई," गफूर माझ्याकडं वळला, "इनको समझाव. नहीं तो मैं इनकोच वेल्डिंग करके जाता."

पाना त्याला मिळाला. पण मी त्या दिवशी त्याला चहा पाजला अन् आतली गोष्ट काढून घेतली. गफूर म्हणाला, गाडीच्या आत उभे-आडवे पाईप जोडले, पिंजऱ्यावानी. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकला, तो आमच्याच बंद जिनाच्या भंगारातला. धूर सोडायची नळी वळवून पार वर टपाजवळ नेली. जिनातल्या मशीनचा जाड पट्टा कापून बसणाऱ्याला बांधायचे पट्टे केले. अन् मागच्या चाकावरचे पाटे वाढवले.

"पाटे वाढवले?" मी विचारलं.

"हाँ. डबल."

चहा माझ्या हातातच राहिला. पाटे म्हणजे गाडीचं वजन तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. मी आयुष्यभर जिनाच्या फाटकावर उभं राहून भरल्या बंड्या पाहिल्या. ट्रकवाले पाटे कधी वाढवतात? माल जास्त भरायचा अन् गाडी बसलेली दिसू द्यायची नाही तेव्हा. पोलीस लांबून काय पाहतो? गाडीचं बूड पाहतो. बूड खाली असलं की थांबवतो.

त्या दिवसापासून मी सरकी भरता भरता गाडीचं बूड पाहू लागलो. आधी ते उंच होतं, शेपटी वर केलेल्या गोऱ्ह्यासारखं. मग हळूहळू ते खाली येत गेलं. डिक्कीला पितळी कुलूप. म्हणजे डिक्कीत माल भरला जात होता. दिवसाढवळ्या, माझ्या भिंतीच्या आत.

आमच्या दारात पोलीस कधी आला नाही. बापाच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही. गरिबाजवळ दुसरं काय असते? तेवढंच. उद्या छापा पडला तर पंचनाम्यात खोली कोणाची येईल? नाझराचा ताबा राहील अन् बदनामी माझ्या मालकीची.

त्यात माझी सरकीही कमी होऊन राहिली होती. ढीग भिंतीवरच्या एका ओल्या डागापर्यंत यायचा, तो डाग उघडा पडला. मी उंदरांवर शक घेतला. मग बाईच्या भावावर घेतला, त्याच्याही म्हशी आहेत. बाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी एका दुपारी मी टोपलं खाली ठेवलं अन् नजर वर केली.

"नाझरसाहेब, डिक्की उघडा."

"कोणत्या अधिकारात?"

"दारू असंल तर आजच न्या. बियाणं असंल तरी न्या. माह्या घरी पोलीस आला तर मी तुमाले पट्ट्यानं बांधून त्यायच्या हाती देईन."

मला वाटलं, भडकेल. तो पोत्यावर बसला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला अन् पहिल्यांदा कोर्टातलं सोडून बोलला.

"रॅली आहे, मुकादम. मोटारींची. नागपूरची हौशी मंडळी भरवतात. यवतमाळहून सुटायचं, कच्च्या रस्त्यानं, वावरांच्या धुऱ्यांनी, बांधाबांधानं, नदी ओलांडून पलीकडं जायचं अन् परत यायचं. जोरात पळायचं नसतं. दिलेल्या वेळेवर दिलेल्या जागी पोचायचं असतं."

"अन् भेटते काय?"

"काही नाही."

हे ऐकून माझा शक दुप्पट झाला. फुकट कोण गाडी फोडून घेते?

तो म्हणाला, "मी नोकरीभर जीपमध्ये हिंडलो. या तालुक्यातला एक रस्ता असा नाही, जिथं गेलो नाही. पण जीप वळणावर दिसली की लोक दारं लावून घ्यायचे. लेकरं आत ओढायचे. कोंबडीसुद्धा उचलून आत न्यायचे, मुकादम. एकदा मला या रस्त्यांनी असं जायचं आहे की लोक बघायला बाहेर येतील."

माझ्या सासऱ्याच्या दारातही तो एकदा आला होता. तेव्हा कोंबडी आत नेणारी माझीच बाई होती.

"अन् गाडीत दुसरा माणूस लागतो," तो म्हणाला. "बाजूला बसून कागदावरचे बाण सांगणारा. तुम्ही चला."

"मी चौथी शिकलेला."

"म्हणूनच. शिकलेला माणूस कागद वाचतो अन् मधे स्वतःचं घालतो. तुम्ही बाण दिसेल तसा सांगाल. अन् दुसरं, तुम्ही माझ्यावर उघड शक घेता. चोरून घेणारे मी खूप पाहिले."

"डिक्की?"

"डिक्की नाही उघडणार."

मी हो म्हटलं. रॅलीसाठी नाही. डिक्कीसाठी. जिथं डिक्की जाईल तिथं मी जाईन, एवढंच मनात होतं.

रॅलीच्या दिवशी यवतमाळच्या मैदानावर चकचकीत गाड्या उभ्या. पोरं तंग कपड्यातली, गॉगलवाली. त्यात आमची काळी म्हैस, अन् आत पट्ट्यांनी बांधलेले दोन बुढे. मी डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यावरूनच हेल्मेट घातलं, दुपट्टा सोडायला तयार झालो नाही. नाझराच्या हेल्मेटला पुढं काळी काच होती. ती त्यानं निघतानाच खाली पाडली.

गाडी मात्र खरंच चालली. ती खडीवर अशी पळाली की माझ्या दाढा एकमेकींवर वाजल्या. मी बाण सांगायचो, "डावीकडं, पुलाखालून, मंग उजवीकडं." तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "नक्की?" मी म्हणायचो, "कागद घ्या अन् तुमीच पाहा." तो म्हणायचा, "हातात स्टेअरिंग आहे." वाटेत कागदावरच्या बाणांवरही त्याचा भरवसा नव्हता. मंडळींनी मुद्दाम चुकीचे छापले असतील, असं त्याचं म्हणणं.

पण वावरावावरातून लोक बाहेर आलते. धुऱ्यावर उभे राहून हात हलवत होते. बाया निंदण सोडून उभ्या. लेकरं धुळीत गाडीमागं पळत होती. नाझर प्रत्येक गावाशी हॉर्न वाजवायचा, अन् तो हॉर्न लग्नाच्या वरातीतल्यासारखा वाजायचा.

असं करत वर्धा नदीच्या पुलाशी आलो. पुलाच्या अलीकडं गाव, गावाचे सारे लोक रस्त्यावर. अन् पुलाच्या तोंडाशी पोलिसांचं नाकं, दारूचं. पुढच्या चकचकीत गाड्यांना शिपायानं हात दाखवून सोडून दिलं. आमची थांबवली. आमचं बूड खाली होतं ना.

"उतरा. डिक्की उघडा."

नाझर उतरला. हेल्मेट तसंच. चावी काढली अन् पहिल्यांदा माझ्यासमोर, मला पाठ फिरवायला न लावता, कुलूप उघडलं. मी मान लांब केली.

सरकी. पोतीच्या पोती सरकी. माझी.

ते पोतं मी शंभरातून ओळखलं असतं. बाईनं त्याला लाल सुतळीनं ठिगळ लावलं होतं. उंदीर नाही, मेहुणा नाही. हा! सीट काढल्यावर गाडी मागून हलकी पडली, खडीवर उडेल, म्हणून वजनाला सरकी. हे त्यानं नंतर सांगितलं. रेती गळते, दगड वाजतो, सरकी गपगार बसते, म्हणे. रोज सकाळी मला नजर खाली घालायला लावून माझाच ढीग उपसत होता.

शिपायानं पोत्यात काठी खुपसली. बाटली काही वाजली नाही. मग मूठभर सरकी काढून नाकाशी नेली.

"बियाणं हाय का हे? चोरीचं?"

"म्हशीची हाय सायेब," मी म्हटलं. "बियाण्याले औषधाचा रंग राह्यते. हे पांढरी हाय."

"कोणाचा माल?" त्यानं नाझराला विचारलं.

आता नाझरानं 'माझा' म्हणावं की नाही? पण आयुष्यभर पंचनामे लिहिलेला माणूस. काचेआडून, एकदम कोर्टातल्या आवाजात म्हणाला, "ताबा माझा आहे. मालकी तपासावी लागेल."

"म्हणजे चोरलेला?"

"तसा निष्कर्ष काढता येणार नाही."

शिपाई चवताळला. "काढ बे ते डोक्यावरचं! तोंड काहून लपवून राह्यला?"

लोकांचं कडं जवळ आलं. पोरं बॉनेटला हात लावून पाहत होती, कोणी म्हणत होतं, बुढ्यांची गाडी लय भारी. अन् त्या कड्यात पुढंच उभा होता एक माणूस, लेकराला खांद्यावर घेऊन, हसत. मी त्याला ओळखलं. त्याच्या वावराचा ताबा नाझरानंच काढून दुसऱ्याला दिला होता, सारा तालुका तेव्हा हळहळला होता. नाझरानंही ओळखलं. मला कसं समजलं? त्याचा हात हेल्मेटच्या पट्ट्याशी गेला अन् तिथंच थांबला.

एवढंसं होतं. काच वर गेली असती की ते लेकरू खांद्यावरून खाली आलं असतं अन् बाप त्याला घेऊन घरात गेला असता. दार लागलं असतं.

मी मधे शिरलो.

"सायेब, सरकी माही हाय. मीच भरली."

"मोटारीच्या रेसमधी म्हशीचं खाणं?"

"पलीकडं भाऊ राह्यते माहा. त्याच्या म्हशी अटल्या. म्हटलं, गाडी जाऊनच राह्यली, तर टाकून येऊ. ह्या डायवरले काही माहीत नाही, यायले पोत्याले हातबी लावता येत नाही."

"अन् डोक्यावरचं?"

"त्याचा कान फुटला सायेब. पू येते. हवा लागू देऊ नका म्हणते डॉक्टर. पाह्यचं असंल तर पाहा, पण वास येते."

शिपायानं दोन पावलं मागं घेतली. लोक हसले. खांद्यावरचं लेकरू सगळ्यात मोठ्यानं हसलं. शिपाईही हसला अन् डिक्की आपटून म्हणाला, "जा बे बुढेहो. म्हशी वाट पाहून राहिल्या असतील."

पुलावर चढलो. नदीत पाणी कमी, वाळूच जास्त होती. मागं लोक अजून हात हलवत होते. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. आभार तर नाहीच, पण काहीतरी.

पूल संपल्यावर बोलला. "मुकादम, तुम्हाला पलीकडं भाऊ आहे?"

"नाही."

"माझा कान?"

"चांगला हाय."

"दोन्ही गोष्टी खोट्या. अन् चेहरा बिलकुल हलला नाही." त्यानं काच वर केली अन् मी डिक्कीकडं पाहायचो तसं माझ्याकडं पाहिलं. "मी आजपर्यंत तुम्हाला सरळ माणूस समजत होतो."

"अन् तुमी माही सरकी चोरली ते?"

"चोरली नाही. खोली माझ्या ताब्यात होती. मागितली असती तर तुम्ही विचारलं असतं कशाला. सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. बाण सांगा."

आम्ही पोचलो तेव्हा मंडप उतरवणं सुरू होतं. शेवटून पहिले. नाझरानं तिथंही हरकत घेतली की घड्याळ त्यांचं होतं, आपलं नव्हतं. घरी आल्यावर एक एक पोतं त्यानं ढिगावर परत ओतलं अन् मला हात घालून पाहायला लावलं, ओली तर नाही ना झाली. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपलं घेऊन गेलो, तर दारावर दोन कुलपं.

"हे दुसरं कायले?"

"पहिलं चोरांसाठी होतं," तो म्हणाला. "हे तुमच्यासाठी. नजर खाली."

तो गेला त्याला आता बरीच सालं झाली. तो गेल्यावर त्याचा मुलगा पुण्याहून आला, सोबत भंगारवाला. मुलगा भला माणूस. म्हणाला, "काका, गाडी बाबांची होती, आता माझी आहे. नेऊ ना?"

मी दारात आडवा उभा राहिलो.

"मालकी राहू दे बापू. ताबा कोणाचा ते सांग."

तो हसला. बापाचं वाक्य त्यानंही लहानपणी खूप ऐकलं असेल. भंगारवाल्याला त्यानं परत पाठवलं अन् जाताना चाव्या माझ्या हातात दिल्या.

गाडी आत आहे. हेल्मेट पाईपला अडकवलेलं आहे. म्हशी विकल्या, पण डिक्कीत मी सरकी भरून ठेवली आहे, नाहीतर तिचं मागचं बूड उंच दिसतं अन् मला ते पाहवत नाही. दुपारी मी आत जातो, दार लावतो, त्याच्या नाही, माझ्याच सीटवर बसतो. किती वेळ बसतो ते कोणाला सांगायचं कारण नाही.

गावात आता कुजबुज आहे. परवा शेजारच्यानं अडवलंच.

"बुढ्या, दार लावून आत काय करून राह्यला रोज? काय लपवलं हाय?"

मी त्याला पाठ फिरवायला लावली. मग कुलपं लावली, दोन्ही. ओढून पाहिली. चार पावलं गेलो, परत आलो, परत ओढली.